पत्र्यामागचा माणूस

हिरालाल रामटेकेनं जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, तरी रायपूरजवळच्या बीरगांवात त्याची ओळख एकच: बायकोला मारणारा दारुड्या. यात दोष कोणाचा म्हणाल, तर त्याच्या बायकोचाच. कांताबाईनं काम इतकं चांगलं करायलाच नको होतं.

सगळं सुरू झालं ते पांडुरंगच्या मिशीपासून. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा दिवाकर मास्तर नावाचे गृहस्थ राहत. मास्तर कसले, रेल्वेत कारकून. पण भेटेल त्याला काहीतरी शिकवल्याशिवाय सोडायचे नाहीत, म्हणून मास्तर. नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेली आपली माणसं गोळा करून त्यांनी ‘उजाळा कला पथक’ काढलं होतं. तिकीट नाही, रंगमंच नाही. ज्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, बोलावणं येईल तिथं जायचं, चौकात सतरंजी टाकायची, पेट्रोमॅक्स पेटवायची आणि लोकांच्या घरातली दुखणी लोकांपुढेच मांडायची. बायकांची कामं पांडुरंग करायचा, नव्या नाटकातल्या गिरजाचंही. त्याचं लग्न जुळून राहिलं होतं, आणि ऐन तालमीत गडी मिशी काढायला तयार होईना.

"मुलीकडचे कधीही येतील मास्तर. मिशीबिगर मी कसातरीच दिसतो."

"अन् मिशी ठेवून गिरजा कशी दिसशील, तेही पाह्य ना लेका!"

हिरालालची नवी नवरी कांता तालमीला चहा घेऊन आली होती. मिशीवाला पांडुरंग पदर सावरत मुरडत चालला, तशी ती फस्सकन हसली. मास्तर तापले. म्हणाले, "हसून काहून राहिली? येते तं करून दाखव." कांतानं किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि करून दाखवलं. त्या दिवसानंतर पांडुरंगला लुगडं नेसायची पाळी आली नाही.

नाटकाचं नाव होतं ‘रातची भाकर’. गिरजा नावाची बाई दारुड्या नवऱ्याची वाट पाहत बसते, एवढंच. पण नवऱ्याचं काम करायला कॉलनीतला एकही माणूस तयार होईना. "उद्या लोक म्हणतील, हा खराच पितो," असं जो तो म्हणायचा, आणि त्यातले दोघे-तिघे तर खरेच पीत. शेवटी मास्तरांनी तोड काढली. नवरा दाखवायचाच नाही. मागे एक मोठा पत्रा उभा करायचा, तो दार. पत्र्यावर काठी धाडधाड वाजली की गिरजा थरथरायची, आणि लोकांनी काय ते समजून घ्यायचं. काठी कोणाच्या हातात द्यायची? हिरालालच्या. फिटर माणूस, ठोकायची सवय. स्वभाव म्हणाल तर वाटेत मांजर झोपलं असेल तर वळसा घालून जाईल असा. पण पत्रा असा वाजवायचा की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची.

आणि या पथकाची एक रीत होती. ती कधी मोडली नाही. दार वाजून वाजून थांबलं की गिरजा कपाळाचं टेंगूळ चाचपत उठायची, लोकांसमोर येऊन बसायची आणि विचारायची, "सांगा, मी आता काय करू?" त्याच क्षणी कोणीतरी पेट्रोमॅक्स उचलून लोकांकडे फिरवायचं. गिरजा अंधारात, लोक उजेडात. कोणी उत्तर दिल्याशिवाय नाटक पुढे जायचं नाही. अभनपूरला एकदा लोक असे गप्प बसले की पेट्रोमॅक्समधलं तेल संपत आलं. पांडुरंगनं मागून हळूच विचारलं, "गुंडाळायचं का?" मास्तर म्हणाले, "बसू दे. आजवर गप्पच बसले आहेत, म्हणून तं आपण आलो." शेवटी एक म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "बेटी, दोष तोर नइए." दोष तुझा नाही. बस्स, तेवढ्यावर नाटक पुढे गेलं.

बीरगांवात मात्र घोटाळा झाला. उरला गावच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची वस्ती ती. दारू तिथं घरोघरी मुक्कामाला होती. कांतानं त्या दिवशी असं काम केलं की बाया रडू लागल्या. नाटक संपलं न संपलं तोच हिरालाल आपला भोळेपणानं पत्र्यामागून बाहेर आला. अंगात गंजी, केस विस्कटलेले, आणि हातात तीच काठी. सतरंजीची घडी घालायला आला होता बिचारा. एक बाई ओरडली, "एही ए! हाच तो!"

झालं. त्या दिवसापासून हिरालाल बीरगांवचा दारुड्या. नाटक-नाटक म्हणून मास्तरांनी घसा कोरडा केला, पण ऐकतं कोण? बाया कांतासाठी तांदूळ घेऊन आल्या, एकीनं जुनेर आणलं. एक म्हातारी तिच्या कपाळाच्या टेंगळावर तेल-हळद चोळायला बसली. टेंगूळ काजळ-कुंकवाचं, ते म्हातारीच्या हातावर उतरलं. म्हातारी पाहत राहिली, मग डोळे पुसत बाकीच्यांना म्हणाली, "पाहा बाई, खरा मार झाकायला वरून काजळ लावते माय माही!" आता यापुढे बोलायचं काय?

पुढे पथकानं तिथं कितीदा तरी नाटक केलं, आणि दरवेळी हिरालालच्या नावावर एक थर चढत गेला. बाजाराच्या दिवशी तो बीरगांवात भाजी घ्यायला जायचा. बिसाहू चहावाल्यानं एकदा त्याच्या समोरचा पेला उचलून घेतला. "बाई ला मारथस, अउ इहां चाय पीबे? जा, जा!" हिरालाल हसत घरी आला. कांता संतापली, पदर खोचून निघालीच.

"मी त्याले सांगून येते, माहा माणूस कसा आहे ते."

"बस खाली," हिरालाल म्हणाला. "चहाच तं आहे. घरी नाही मिळत का? मी चांगला निघालो तं तुझी गिरजा खोटी पडते. तिचं काम मोठं आहे, माहं काय?"

तो असं म्हणायचा आणि चहा मागायचा. कांता त्याला दोनदा साखर घालून द्यायची. ते दिवसच तसे होते. नाटक करून ट्रकच्या मागे बसून परत यायचं, वारा खात, मास्तरांशी भांडत, पांडुरंगच्या नकला पाहत. मांडीवर डोकं ठेवून लेक झोपलेली, आणि ट्रकच्या कडेला तो पत्रा खडखड वाजत. आज त्यातलं काय उरलं? मास्तर गेले. पांडुरंग मुलाकडे भिलाईला असतो, ऐकू येत नाही. पत्रा तेवढा कांताबाईच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. हिरालालनं त्याला दरवर्षी रंग लावला.

कांताबाईचं आता वय झालं, गुडघे बोलतात. ती कधीच विसरली असती हे सगळं, पण या दिवाळीत नात आली. रुचिता. कॉलेजात शिकते, मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. जेवताना बोलता बोलता ताटाकडे बघून म्हणाली, "नानाजी, मेरी एक फ्रेंड है बीरगांव की. उसकी दादी बोल रही थी... आप पहले नानी को मारते थे क्या?"

हिरालालनं नेहमीसारखं हसून घ्यायचं केलं. "हव, रोज. तुझी नानी पत्र्याची होती ना!" पण घास काही उचलला नाही. उजवा हात मांडीवर ठेवून त्याकडे पाहत राहिला. कांताबाईनं ते पाहिलं. बिसाहूनं पेला उचलला ते वेगळं. ही तर लेकीची लेक.

"अगं, यानं मुंगीला नाही मारलं कधी!" ती ओरडलीच. मग सगळं सांगितलं: मिशी, पत्रा, काठी, काजळ. रुचिता हसली, मग रडली, मग नानाच्या गळ्यात पडली. पण कांताबाईच्या मनाला ते लागलं ते लागलंच. आपण टाळ्या घेतल्या आणि याच्या वाट्याला हे ठेवलं. याच्या मागंही हेच बोलतील का लोक?

आणि नेमकं थंडीत बीरगांवहून बोलावणं आलं. तिथल्या महिला गटाला ‘रातची भाकर’ पुन्हा पाहायचं होतं. जुन्यांना आठवणीसाठी, नव्यांना कामासाठी. दारू काही गाव सोडून गेली नव्हती. कांताबाईनं हो म्हटलं, आणि त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं: दिवा लोकांकडे फिरला की यावेळी गिरजा नाही बोलणार. कांता बोलेल. हिरालालला पत्र्यामागून हाताला धरून बाहेर काढेल आणि सांगेल, पाहा, हा माझा माणूस, देवमाणूस, तुम्ही उगाच याला शिव्या दिल्या. हिरालालला ती काही बोलली नाही. रुचिताला तेवढं सांगितलं.

"बोल देना नानी," रुचिता म्हणाली. "बिल्कुल बोल देना."

बीरगांवच्या समाज भवनात खुर्च्या मांडल्या होत्या. कांताबाईनं आल्या आल्या त्या काढायला लावल्या आणि सतरंज्या टाकायला सांगितल्या. पेट्रोमॅक्स आता कुठला? रुचितानं स्टँडवरचा एक मोठा दिवा आणला होता. हिरालाल पत्रा उभा करून मागे स्टुलावर बसला. कांताबाई पत्र्यालगतच्या खोलीत कपाळावर काजळ घासत होती, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. केस पिकलेले, पण ताठ. हातात स्टीलचा डबा.

"जयभीम ताई. ओळखलं नसेल तुम्ही. मी वनमाला."

कांताबाईनं ओळखलं नाही.

"नाही ओळखणार. मी एकदाच बोलली होती. तुम्ही विचारलं होतं, मी आता काय करू? तं मी उठली आन् म्हटलं, गिरजे, तू माह्या घरी ये. सगळे हसले होते. कारण माह्याच घरी काय चाललं होतं ते गावाले माहीत होतं." तिनं डबा उघडला. आत तिळाचे लाडू होते. "दुसऱ्या दिवशी पोट्टे घेऊन मी निघाली. शिवणाची मशीन घेतली. पोट्टे शिकवले. एक तिकडं दुर्ग शहरात शिक्षक आहे आता."

"लय हिमतीचं काम केलं बाई तू," कांताबाई म्हणाली. पुढे काय येणार ते तिला कळून चुकलं होतं.

"हिंमत माही नाही ताई, तुमची. नाटकवाली बाई असती तं मी उठली नसती. पण तुम्ही खरा मार खाऊन उभ्या होत्या. मले वाटलं, ही एवढं सोसून चार लोकांत उभी राहू शकते, तं मी काहून नाही?"

"वनमाला... अगं, ऐक. ते सगळं..."

"काही सांगू नका. मले सगळं माहीत आहे," वनमाला म्हणाली, लाडू तिच्या हातात कोंबला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

कांताबाई लाडू हातात धरून बसून राहिली. आता सांगा काय करायचं? खरं बोललं तर या बाईनं ज्याचा टेकू घेऊन आयुष्य उभं केलं, तोच काढून घ्यायचा. नाही बोललं तर हिरालालनं मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, दारुड्याच राहायचं. बाहेरून रुचिताची हाक आली, "नानी, स्टार्ट करें?" लाडू तिनं खाल्लाच नाही.

नाटक सुरू झालं. एवढी काळजी असूनही तिचं एकही वाक्य चुकलं नाही, उलट जरा जास्तच रंगलं. पत्रा वाजला तेव्हा अंगावर खरंच काटा आला. म्हाताऱ्याच्या मनगटात अजून जोर होता. नव्या पोरींनी मोबाइल खाली ठेवले. मग पत्रा थांबला. कांताबाई गुडघ्यावर हात देत उठली, पुढे येऊन बसली. समोर वनमाला. मागे भिंतीशी बिसाहू, आता म्हातारा, मुलाचा आधार घेऊन उभा. कोपऱ्यात दिव्यापाशी रुचिता, नजरेनं सांगत होती, बोल नानी, बोल.

"सांगा," कांताबाई म्हणाली, "मी आता काय करू?"

हे वाक्य तिनं उभ्या आयुष्यात कितीदा म्हटलं असेल. पण आज पहिल्यांदाच तिला त्याचं उत्तर खरंच माहीत नव्हतं. आवाज फाटला. लोकांना वाटलं, काय काम करते बाई! रुचितानं दिवा लोकांकडे फिरवला.

कोणीतरी खोकलं. कांताबाईनं तोंड उघडलं, वनमालाकडे पाहिलं, मिटलं. पुन्हा उघडलं. "माह्या माणसाबद्दल मले तुम्हाले एक..."

तेवढ्यात मागे काठी पडल्याचा आवाज झाला. पत्र्यामागून हिरालाल बाहेर आला. एवढ्या वर्षांत नाटक चालू असताना तो कधी बाहेर आला नव्हता. तो अंधारातून थेट उजेडात गेला, लोकांच्या मध्ये, आणि तिथून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. बायांत कुजबुज उठली. "तोच. तोच तो."

"कांता," हिरालाल म्हणाला. गिरजा नाही, कांता म्हणाला. "माहं चुकलं. मी सोडली. आता घरी चाल."

कांताबाईला काय होतंय तेच कळेना. अरे बाबा, काय सोडली तू? कधी धरली होती? तिला हसू फुटत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तो तिच्याकडे पाहत होता, चहा मागताना बघायचा तसाच. नाटक मोडू नको, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. आणि तिला समजलं की यानं खोलीतलं वनमालाचं बोलणं ऐकलंय. पत्र्यामागे बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

मग गिरजा उभी राहिली. गुडघ्यांचं भान न ठेवता उभी राहिली.

"पुन्हा हात लावशील?"

"नाही."

"या सगळ्या बायांसमोर सांग."

हिरालालनं हात जोडले. मांडीवर ठेवून ज्याकडे बघत बसला होता तोच उजवा हात, आणि दुसरा. एकेका बाईकडे बघत म्हणाला, "नाही लावणार."

वनमाला उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लय उशिरा कळलं दादा तुम्हाले!" आणि रडायला लागली. टाळ्या अशा पडल्या की पत्रा आपोआप वाजू लागला. बिसाहू मुलाला ढोसून ढोसून चहा आणवत होता. गर्दीतून वाट काढत तो पेला घेऊन हिरालालपाशी आला. "ले भैया. अब पी." हिरालालनं फुंकर मारून मारून तो चहा प्यायला, आणि कांताबाईला सांगितलं, साखर कमी आहे.

रुचिता मात्र फणफणत होती. पत्रा ऑटोत चढवताना ती नानावर घसरली. "आपने ये क्यों किया? नानी बताने वाली थी! अब तो सबको पक्का हो गया कि आप पीते थे!"

"तुले माहीत आहे ना, मी नव्हतो पित?"

"हव."

"मंग झालं तं," हिरालाल म्हणाला. "तुले खरं कळलं, मले तेवढंच पाहिजे होतं, पोट्टे."

ऑटो निघणार, तोच एक तरुण पोरगी धावत आली. सोनिया नाव सांगितलं तिनं. ओढणी कपाळावर पुढे ओढलेली, आणि ओढणीखाली जे होतं ते काजळ नव्हतं. कांताबाईला बघताक्षणी कळलं. पोरगी हिरालालकडेच बघत होती. "दादाजी, आपने कैसे छोड़ी? मेरे आदमी को भी बता दोगे क्या? वो किसी की नहीं सुनता. पीने वाले की सुनेगा."

हिरालालनं कांताबाईकडे पाहिलं. कांताबाईनं जागेवरूनच त्याच्या पाठीला हात लावला. तो म्हणाला, "भेज देना बेटा. इतवार को."

रविवारी सोनियाचा नवरा खरंच आला. हिरालालला वाटलं होतं, कोण येतंय. पण आला, नव्यानं दाढी केलेला, खाली मान घालून बाहेरच्या खोलीत बसला. हिरालाल स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आयुष्यभर पत्रा वाजवला, पण बोलायचं काम कधी अंगावर घेतलं नव्हतं.

"कांता, दारू कशी सोडतात ते मले काय माहीत? सांग, मी आता काय करू?"

कांताबाईनं दोन पेले भरले. एकात साखर दोनदा घातली.

"त्याच्यासमोर जाऊन बसा," ती म्हणाली. "आन् विचारा, बाबू, काय झालं? मंग गप राहा. तो बोलेपर्यंत उठायचं नाही. मास्तरांनी काय शिकवलं होतं?"

हिरालालनं पेले उचलले. दारातून जाताना चहा थोडा बशीत सांडला. कांताबाईनं मागून दार अर्धं ओढून घेतलं आणि दाराआड भिंतीला पाठ लावून ती ऐकत उभी राहिली, गुडघे बोलत होते तरी.